एजंट निवडण्याआधी जोडणी निवडा: सर्व्हर ॲप्लिकेशनला मॉनिटरिंग एजंट लावण्याच्या पद्धती, समोरासमोर

परफॉर्मन्स मॉनिटरिंगचं साधन निवडायला बैठक बसली की निम्म्याहून जास्त वेळ डॅशबोर्ड बघण्यात जातो. कुणाचा सर्व्हिस मॅप सुबक आहे, कुणाचे अलर्ट जास्त लवचिक आहेत, लायसन्स होस्टमागे लागतं की डेटामागे. एजंट, म्हणजे ॲप्लिकेशनची मोजमापं गोळा करून पाठवणारा भाग, ॲप्लिकेशनला प्रत्यक्ष जोडायचा कसा, हा विषय शेवटच्या पाच मिनिटांत निघतो आणि "ते इन्स्टॉल गाइडमध्ये असेलच" म्हणून गुंडाळला जातो. माझ्या मते क्रम उलटा हवा. डॅशबोर्ड पुढेमागे बदलता येतो. जोडणी मात्र स्टार्टअप स्क्रिप्टमध्ये, कंटेनर इमेजमध्ये किंवा थेट होस्टवर जाऊन बसते, आणि ज्या रात्री ॲप्लिकेशन सुरूच होत नाही त्या रात्री प्रश्न तिचाच असतो.

म्हणून इथे उत्पादनांची तुलना नाही, जोडण्याच्या पद्धतींची आहे. उदाहरणं जास्त करून जावाची आहेत, कारण एजंटचा सगळ्यात जुना आणि सगळ्यात गुंतागुंतीचा संसार तिथेच आहे. बाकीच्या भाषांचं वेगळेपण मध्ये येईलच.

एजंट नेमका बसतो कुठे

जावात एजंट म्हणजे एक जार फाइल, जावाचा कंपाइल झालेला कोड एकत्र बांधलेली. जावा ५ बरोबर, म्हणजे २००४ मध्ये, इन्स्ट्रुमेंटेशनचं पॅकेज आलं आणि मेन मेथडच्या आधी 'प्रीमेन' नावाची मेथड चालवण्याची सोय झाली. प्रीमेनमध्ये एजंट जेव्हीएमला, म्हणजे जावाचा कोड चालवणाऱ्या यंत्रणेला, सांगून ठेवतो की कुठलाही क्लास लोड करण्याआधी त्याचा बाइटकोड (कंपाइल झालेला कोड) मला दाखव. सर्व्हलेट, जेडीबीसी ड्रायव्हर, एचटीटीपी क्लायंट, काफ्का कन्झ्युमर असे ओळखीचे क्लास आले की त्यांच्या मेथडच्या सुरुवातीला आणि शेवटी तो मोजमापाचा कोड घालतो. रिपॉझिटरीतला सोर्स तसाच राहतो, पण मेमरीत चालतो तो कोड वेगळा असतो.

मॉनिटरिंग बाहेरून बघतं, असं बऱ्याच जणांना वाटतं. या प्रकारचा एजंट बाहेर नसतो. तो तुमच्याच प्रोसेसमध्ये, तुमच्याच हीपवर, तुमच्याच परवानग्यांनी चालतो. डेटाबेसचा जो पासवर्ड तुमच्या कोडला दिसतो, तो त्यालाही दिसतो. त्यामुळे एजंटची आवृत्ती बदलणं हे मुख्य लायब्ररीची आवृत्ती बदलण्याइतकंच गंभीर काम आहे. ते मॉनिटरिंगवाल्यांचं खातं म्हणून सोडून देता येत नाही.

पद्धती तोलताना मी पाच गोष्टी विचारतो. रीस्टार्ट लागतो का? जोडायला कुणाचे अधिकार लागतात? किती खोलवर दिसतं? बिघडलं तर ॲप्लिकेशन पडतं की फक्त डेटा यायचा थांबतो? आणि काढायचा कसा? शेवटचा प्रश्न सहसा कुणी विचारत नाही. माझ्या यादीत तो पहिला आहे.

स्टार्टअप फ्लॅग

सगळ्यात सरळ पद्धत: जावाच्या कमांडमध्ये '-जावाएजंट' हा फ्लॅग आणि पुढे जारचा पाथ. प्रत्येक क्लास लोड होण्याआधीच एजंट जागेवर असतो, त्यामुळे दिसणारी खोली पूर्ण मिळते. प्रोसेसची यादी काढली की फ्लॅग डोळ्यांना दिसतो, आणि काढायचा असेल तर ती ओळ काढून रीस्टार्ट. हा उघडपणाच या पद्धतीचं बळ आहे.

खोड्याही आहेत. फ्लॅग '-जार'च्या आधी हवा. नंतर आला तर जेव्हीएम तो ॲप्लिकेशनचा आर्ग्युमेंट समजून पुढे ढकलते. ना एरर, ना एजंट. याच्या अगदी उलट, पाथ चुकला किंवा फाइल वाचता आली नाही तर जेव्हीएम सुरूच होत नाही. म्हणजे मॉनिटरिंगची एक हरवलेली फाइल अख्खं ॲप्लिकेशन खाली आणू शकते. जार एखाद्या शेअर्ड ड्राइव्हवर ठेवून सगळ्या सर्व्हरांनी तिथूनच वाचावी, ही कल्पना कागदावर फार नीटनेटकी दिसते. तो ड्राइव्ह माउंट झाला नाही की काय होतं, हे मात्र आधीच ठरवून ठेवलेलं बरं. मी जार नेहमी ॲप्लिकेशनच्या शेजारी ठेवायला सांगतो, नावात आवृत्ती असलेली. चालू प्रोसेसच्या खालून तीच फाइल बदलायची नाही. नवी फाइल नव्या नावानं ठेवायची आणि पुढच्या रीस्टार्टला फ्लॅग बदलायचा.

फ्लॅग कुठे लिहायचा, हे प्रत्येक ॲप्लिकेशन सर्व्हरनं आपापलं ठरवलेलं आहे. टॉमकॅटला 'सेटएन्व्ह' स्क्रिप्ट असते आणि तिथे दोन व्हेरिएबल मिळतात: जावा ऑप्ट्स आणि कॅटलिना ऑप्ट्स. एजंट नेहमी कॅटलिना ऑप्ट्समध्ये. कारण जावा ऑप्ट्स टॉमकॅट थांबवण्याच्या कमांडलाही लागू होतं. थांबवायला उठलेली ती छोटी जेव्हीएमही मग एजंट घेऊन उठते. प्रोमिथियसच्या जेएमएक्स एक्स्पोर्टरसारखा, स्वतःचा पोर्ट उघडणारा एजंट असेल तर पोर्ट आधीच घेतलेला म्हणून थांबवण्याची कमांडच मोडते, आणि सर्व्हर थांबत का नाही म्हणून लोक भलतीकडे शोधत बसतात. विंडोजवर टॉमकॅट सर्व्हिस म्हणून चालत असेल तर सेटएन्व्ह वाचलंच जात नाही. तिथे सर्व्हिसच्या कॉन्फिगरेशन विंडोत जावा टॅबवर फ्लॅग लिहावा लागतो.

वेबस्फिअरच्या पारंपरिक आवृत्तीत ॲडमिन कन्सोलमध्ये 'जेनेरिक जेव्हीएम आर्ग्युमेंट्स' नावाची चौकट आहे. लिबर्टीत त्यासाठी वेगळी जेव्हीएम ऑप्शन्सची फाइल असते, एका ओळीवर एक ऑप्शन. वेबलॉजिकमध्ये डोमेनची एन्व्हायर्नमेंट स्क्रिप्ट बदलली की ॲडमिन सर्व्हरलाही एजंट लागतो, जो बहुधा नको असतो. शिवाय सर्व्हर नोड मॅनेजरकडून सुरू होत असेल तर तो स्क्रिप्ट वाचतो की कन्सोलमधल्या सर्व्हर स्टार्टच्या चौकटीतले आर्ग्युमेंट, हे आधी तपासावं लागतं. जेबॉस आणि वाइल्डफ्लाय यांचं मॉड्युलर क्लासलोडिंग आणखी वेगळं. तिथे एजंटची पॅकेजं सिस्टिम पॅकेजांच्या यादीत घालावी लागू शकतात. जुन्या आवृत्त्यांत एजंटनं जावाच्या लॉगिंगला लवकर हात लावला तर जेबॉसचा स्वतःचा लॉग मॅनेजर बसायला जागाच उरत नाही आणि सर्व्हर सुरू होताना मोडतो. तुमच्याकडे जेबॉस असेल तर चाचणीचा पहिला सर्व्हर तोच घ्या. तिथे निभावलं तर बाकीकडे निभावेल.

एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल

स्टार्टअप स्क्रिप्ट तुमच्या हातात नसेल, ॲप्लिकेशन विकत घेतलेलं असेल, किंवा कंटेनरची इमेज दुसरी टीम बनवत असेल, तर 'जावा टूल ऑप्शन्स' हा व्हेरिएबल कामाला येतो. जेव्हीएम सुरू होताना तो स्वतःच वाचते. स्क्रिप्टला स्पर्श नाही, इमेज पुन्हा बनवणं नाही.

किंमत अशी की तो व्हेरिएबल त्या वातावरणात उठणाऱ्या प्रत्येक जेव्हीएमला लागू होतो. सर्टिफिकेट बघायला कीटूल चालवा, थ्रेड डंप घ्यायला जेसीएमडी चालवा, एजंट हजर. शिवाय व्हेरिएबल उचलल्याची एक ओळ जेव्हीएम दर वेळी एरर स्ट्रीमवर छापते. कुठली तरी जुनी शेल स्क्रिप्ट कमांडचं आउटपुट जसंच्या तसं पुढे वापरत असेल तर त्या ओळीनं ती मोडते, आणि ही तक्रार मॉनिटरिंग टीमपर्यंत पोचायला वेळ लागतो.

यावर एक कमी वापरला जाणारा उतारा आहे. जेडीके ९ (म्हणजे जावा ९) पासून 'जेडीके जावा ऑप्शन्स' हा व्हेरिएबल मिळतो. तो फक्त 'जावा' या लाँचरला लागू होतो, कीटूल किंवा कंपायलरला नाही. पण ॲप्लिकेशन स्वतःच्या नेटिव्ह लाँचरमधून जेव्हीएम सुरू करत असेल तर हा चालत नाही. तिथे पहिलाच लागतो. साध्या जावा कमांडनं चालणाऱ्या, जेडीके ९ किंवा पुढच्या सर्व्हिससाठी मी दुसरा निवडेन.

फ्लॅग आणि व्हेरिएबल यांच्यात एकच निवडायचा झाला तर निकष मालकीचा आहे. ॲप्लिकेशनची टीमच एजंटची जबाबदारी घेणार असेल तर फ्लॅग, तोही व्हर्जन कंट्रोलमध्ये असलेल्या स्क्रिप्टमध्ये. जबाबदारी प्लॅटफॉर्म टीमची असेल तर व्हेरिएबल, पण शक्य तितक्या अरुंद जागी: त्या एका सर्व्हिसच्या युनिट फाइलमध्ये किंवा त्या एका कंटेनरवर. अख्ख्या होस्टच्या प्रोफाइलमध्ये तर कधीच नाही. दोन्हीकडे एकदम लिहिला तर तोच एजंट दोनदा लोड व्हायचा प्रयत्न करतो. एका टीमनं फ्लॅग आणि दुसरीनं व्हेरिएबल लावल्यावर हे हमखास घडतं.

चालू प्रोसेसला जोडणं

रीस्टार्टशिवाय एजंट लावता येतो, हे ऐकून सगळ्यांचे डोळे चमकतात. जावा ६ पासून ॲटॅच एपीआयनं ही सोय आहे: प्रोसेस आयडी द्या, चालू जेव्हीएमला जार पाठवा, आतमध्ये 'एजंटमेन' चालतं. २०२१ च्या डिसेंबरमध्ये लॉगफोरजे या जावा लायब्ररीतल्या लॉगफोरशेल त्रुटीचं संकट आलं तेव्हा ॲमेझॉननं याच वाटेनं चालू जेव्हीएमना हॉटपॅच (न थांबवता दुरुस्ती) देणारं साधन काढलं होतं. पुढे २०२२ मध्ये त्या साधनातच कंटेनरमधून बाहेर पडता येण्याजोग्या त्रुटी सापडल्या. चालू प्रोसेसमध्ये कोड घुसवण्याची ताकद आणि धोका, दोन्ही त्या एका प्रकरणात दिसतात.

मॉनिटरिंगसाठी मर्यादा रोजच्या आहेत. हॉटस्पॉट या नेहमीच्या जेव्हीएमवर एकदा लोड झालेल्या क्लासमध्ये नवी मेथड किंवा फील्ड घालता येत नाही, फक्त मेथडच्या आतला कोड बदलता येतो. त्यामुळे काही इन्स्ट्रुमेंटेशन अर्धवट बसतं. जोडण्यासाठी साधारणपणे त्याच युझरच्या नावानं चालावं लागतं, आणि कंटेनरमध्ये नेमस्पेसची (कंटेनरला वेगळं ठेवणाऱ्या भिंतींची) भानगड वेगळी. दबावाखाली असलेल्या सर्व्हरवर हजारो क्लास पुन्हा रूपांतरित होताना काही क्षण झटका बसतो, आणि आपण नेमके अशाच वेळी जोडायला जातो. जोडलेला जावा एजंट अनलोड करण्याचा मार्ग जेव्हीएम देत नाही. काढायला शेवटी रीस्टार्टच.

शिवाय ही वाट अरुंद होत चालली आहे. जेडीके २१ मध्ये, २०२३ साली, जेईपी ४५१ (जावाच्या सुधारणेचा प्रस्ताव) आलं: चालू प्रोसेसमध्ये एजंट लोड झाला की जेव्हीएम इशारा छापते, आणि पुढे कधीतरी हे मुळातच बंद ठेवायचा इरादा त्यात नोंदवलेला आहे. स्टार्टअप फ्लॅगला हे लागू नाही.

माझं मत: निदानासाठी, एकदाच, कुणीतरी समोर बसून बघत असताना ही पद्धत अप्रतिम आहे. कायमच्या मॉनिटरिंगसाठी नाही. कायम ठेवायचा एजंट एका रीस्टार्टलाही महाग पडत असेल, तर त्या सिस्टिमची खरी अडचण मॉनिटरिंग नाही.

होस्ट किंवा क्लस्टरकडून आपोआप

सर्व्हिसेसची संख्या वाढली की एकेका स्क्रिप्टमागे धावणं परवडत नाही. मग दोन वाटा दिसतात.

पहिली होस्टवरची. डायनाट्रेसचा वनएजंट हे याचं ठळक उदाहरण. होस्टवर एकदा रूट अधिकारानं बसवला की लिनक्सच्या प्रीलोड यंत्रणेतून (ती प्रोसेस सुरू होतानाच ठरावीक लायब्ररी आधी लोड करते) तो नव्यानं सुरू होणाऱ्या प्रोसेसमध्ये शिरतो, ती जावा आहे, नोड आहे की आणखी काही ते ओळखतो आणि योग्य तो भाग लोड करतो. आधीपासून चालू असलेल्या प्रोसेसना खोल मॉनिटरिंगसाठी रीस्टार्ट लागतोच, हे विक्रीच्या सादरीकरणात थोडं हळू आवाजात सांगितलं जातं. सोय जबरदस्त आहे. पण प्रीलोड ही होस्टभर लागू होणारी गोष्ट आहे. तिच्यात गडबड झाली तर एका ॲप्लिकेशनपुरती राहीलच असं नाही. स्टॅटिकली लिंक केलेल्या (सगळ्या लायब्ररी आतच घेतलेल्या) बायनरी तर डायनॅमिक लोडरकडे जातच नाहीत, त्यामुळे प्रीलोडचा त्यांच्यावर परिणाम होत नाही.

दुसरी वाट कुबरनेटिसची, म्हणजे अनेक मशीनच्या क्लस्टरवर कंटेनर चालवणाऱ्या व्यवस्थेची. ओपनटेलिमेट्री या मुक्त मॉनिटरिंग प्रकल्पाचा ऑपरेटर (क्लस्टरमध्ये ही कामं आपोआप करणारा प्रोग्राम) बसवायचा, इन्स्ट्रुमेंटेशन नावाचं एक रिसोर्स तयार करायचं, आणि पॉडच्या (एकत्र चालणाऱ्या कंटेनरांच्या गटाच्या) टेम्प्लेटवर एक ॲनोटेशन, म्हणजे खूण, टाकायचं. पॉड बनताना ॲडमिशन वेबहुक (नवा पॉड स्वीकारण्याआधी त्यात बदल करणारा दुवा) मध्ये पडतो, आधी चालणारा एक इनिट कंटेनर जोडतो, तो एजंटची जार सामायिक व्हॉल्यूममध्ये उतरवतो आणि ॲप्लिकेशनच्या कंटेनरला एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल लावतो. म्हणजे शेवटी तीच वरची व्हेरिएबलची पद्धत, फक्त हात यंत्राचे.

इथे चुका शांतपणे होतात. ॲनोटेशन पॉड टेम्प्लेटऐवजी डिप्लॉयमेंटच्या स्वतःच्या मेटाडेटावर टाकलं की काहीच घडत नाही. इन्स्ट्रुमेंटेशन रिसोर्स नंतर तयार केलं आणि पॉड आधी उठले, तरी तेच. वेबहुकचं फेल्युअर पॉलिसी 'इग्नोअर' असेल आणि ऑपरेटर त्या क्षणी आडवा असेल, तर पॉड एजंटशिवाय उठतो आणि सगळं हिरवं दिसतं. ॲप्लिकेशनसाठी हे चांगलंच आहे, ते पडलं नाही. पण काही पॉडचा डेटा येतो आणि काहींचा नाही अशी स्थिती आठवडाभर कुणाच्या लक्षात येत नाही. फ्लॅगच्या पद्धतीत चूक ढोल वाजवून कळते, इथे ती शोधावी लागते. म्हणून चालू पॉड किती आणि डेटा पाठवणारे किती याचा एक साधा अलर्ट पहिल्याच दिवशी लावा.

आणखी एक गोष्ट: एजंटच्या इमेजची आवृत्ती स्वतः लिहून ठेवा. नाही लिहिली तर ऑपरेटर अपग्रेड झाल्यावर पुढच्या रीस्टार्टला पॉड नव्या एजंटसह उठतात, आणि कुणीच डिप्लॉयमेंट केलेलं नसताना वागणूक बदलते. ओपनटेलिमेट्रीच्या जावा एजंटनं आवृत्ती २.० मध्ये डेटा पाठवण्याचा डिफॉल्ट प्रोटोकॉल जीआरपीसीवरून एचटीटीपीवर नेला. ज्यांचा कलेक्टर (एजंटचा डेटा घेणारा प्रोग्राम) फक्त जीआरपीसीच्या ४३१७ पोर्टवर ऐकत होता आणि एचटीटीपीचा ४३१८ बंद होता, त्यांचा डेटा या एका बदलानं थांबू शकत होता.

कोडमध्येच लायब्ररी

एजंट न लावता ओपनटेलिमेट्रीची एसडीके (कोडमधूनच मोजमापं पाठवायची लायब्ररी) किंवा स्प्रिंग बूट स्टार्टर डिपेंडन्सी म्हणून घ्यायचा, हा पर्याय जुन्या पठडीचा वाटतो. पण काही ठिकाणी तोच एक उरतो. ग्रालव्हीएमनं नेटिव्ह इमेज (थेट मशीन कोडची फाइल) बनवली की बाइटकोड रनटाइमला बदलायला शिल्लकच राहत नाही. तिथे जावाएजंट लावून उपयोग नाही. शिवाय 'ऑर्डर मंजूर झाली' किंवा 'किंमत पुन्हा मोजली' असे धंद्याचे टप्पे कुठल्याही एजंटला आपोआप कळत नाहीत, ते कोडमध्ये लिहावेच लागतात.

तोटा उघड आहे: प्रत्येक सर्व्हिसचा कोड, प्रत्येक टीमचं वेळापत्रक. तीस सर्व्हिसेसमध्ये आवृत्ती बदलायची म्हणजे तीस रिलीज. काढणं मात्र स्वच्छ, कारण कंपायलर सांगतो काय राहिलं ते. एजंट आणि एपीआय एकत्र वापरणं हा मधला मार्ग मला सगळ्यात पटतो. कोडमध्ये फक्त ओपनटेलिमेट्रीची एपीआय वापरायची. एजंट असेल तर तिथले स्पॅन, म्हणजे एकेका टप्प्याच्या वेळेच्या नोंदी, त्याच्यातून जातात, नसेल तर ते कॉल काहीच करत नाहीत.

ईबीपीएफ: प्रोसेसच्या बाहेरून

यात ॲप्लिकेशनला हात लागत नाही. लिनक्स कर्नलमध्ये छोटे तपासलेले प्रोग्राम लोड होतात आणि सिस्टिम कॉल, नेटवर्क, ठरावीक लायब्ररी फंक्शन यांच्यावर नजर ठेवतात. ग्राफानाचा बेला हा यातला परिचित प्रकल्प, पुढे तो ओपनटेलिमेट्रीला दिला गेला. टीएलएसमधली रहदारीही ओपनएसएसएलच्या वाचण्या-लिहिण्याच्या फंक्शनवर प्रोब लावून एन्क्रिप्ट होण्याआधी बघता येते. ॲप्लिकेशनला रीस्टार्ट नाही, आणि काढायचा तर एक डीमन थांबवायचा. माझ्या पहिल्या निकषावर हा सगळ्यांच्या पुढे आहे.

मग सगळीकडे हाच का नको? कारण खोली. कुठल्या एंडपॉइंटला किती वेळ लागला, कुठली सर्व्हिस कुणाला बोलवते, हे उत्तम कळतं. पण त्या वेळेतले ४०० मिलिसेकंद कुठल्या मेथडनं किंवा कुठल्या कनेक्शन पूलच्या रांगेनं खाल्ले, हे जावासारख्या जेआयटी (चालता चालता मशीन कोड बनवणाऱ्या) रनटाइममध्ये बाहेरून कळणं अवघड. अनेक सर्व्हिसमधून जाणाऱ्या एका विनंतीचा धागा जोडून ठेवणं हेही इथे एजंटपेक्षा कच्चं राहतं. त्यात कर्नल पुरेसा नवा हवा आणि भारी अधिकार हवेत. व्यवस्थापित प्लॅटफॉर्मवर ते मिळतीलच असं नाही.

गो भाषेसाठी चित्र वेगळं आहे. गोची बायनरी थेट मशीन कोड असते, एजंट शिरायला जागाच नाही. तिथे निवड ईबीपीएफ, कंपाइल करताना इन्स्ट्रुमेंटेशन घालणारी साधनं आणि हातानं लिहिलेली एसडीके यांच्यात आहे.

बाकीच्या रनटाइमचं थोडक्यात

डॉटनेटमध्ये एजंट प्रोफायलर म्हणून बसतो, एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलनं सुरू होतो, आणि कोड पुन्हा लिहिणारा प्रोफायलर एका प्रोसेसमध्ये एकच चालतो. म्हणजे जुना एजंट ठेवून नवा आजमावणं एकाच प्रोसेसमध्ये जमत नाही. आयआयएसखाली सर्व्हिसच्या रजिस्ट्रीत व्हेरिएबल लिहिला असेल तर नुसता ॲप पूल रीसायकल करून भागत नाही, मूळ सर्व्हिस रीस्टार्ट करावी लागते.

नोडमध्ये एजंट बाकी सगळ्या मॉड्यूलांच्या आधी लोड व्हावा लागतो, 'रिक्वायर' किंवा नव्या मॉड्यूल पद्धतीसाठी 'इम्पोर्ट' फ्लॅगनं. कोड बंडलरमधून एकाच फाइलमध्ये गेला असेल तर आतल्या लायब्ररी एजंटला ओळखूच येत नाहीत. पायथनमध्ये गुनिकॉर्न किंवा यूडब्ल्यूएसजीआय हे सर्व्हर वर्कर फोर्क करतात (चालू प्रोसेसच्या प्रती काढतात), आणि डेटा पाठवणारा पार्श्वभूमीतला थ्रेड फोर्कपलीकडे जात नाही. एजंट लागलेला दिसतो, स्पॅन एकही नाही, असं दिसलं तर पहिला संशय इथेच घ्यावा. पीएचपीत एक्स्टेन्शन बसवून एफपीएम रीस्टार्ट केला की बहुतांश काम झालं.

कुठलीही पद्धत घेतली तरी

ओव्हरहेडचा एकच आकडा सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. तो तुमच्या विनंत्यांच्या आकारावर आणि स्पॅनच्या संख्येवर ठरतो. एका विनंतीत दोन डेटाबेस कॉल करणारी सर्व्हिस आणि तेच दोनशे करणारी सर्व्हिस यांना एकच आकडा लागू होत नाही. मोजताना सरासरी नको, ९९ वा पर्सेंटाइल बघा, म्हणजे सगळ्यात संथ एक टक्का विनंत्या जिथून सुरू होतात ती वेळ.

मला त्याहून जास्त काळजी स्टार्टअपची वाटते. क्लास रूपांतरित होताना सुरुवात लांबते, आणि एजंटनं बूट क्लासपाथला भर घातली की जेव्हीएमचं क्लास डेटा शेअरिंगही (तयार ठेवलेले क्लास वापरून सुरुवात वेगवान करण्याची सोय) मर्यादित होतं. तशी एक इशाऱ्याची ओळ अनेकांनी लॉगमध्ये पाहिली असेल. सीपीयूची मर्यादा आवळलेल्या कंटेनरमध्ये हा उशीर लाइव्हनेस प्रोबच्या (ॲप्लिकेशन जिवंत आहे का ते बघणाऱ्या तपासणीच्या) मुदतीपलीकडे जातो, कुबरनेटिस पॉड मारतो, पुन्हा उठवतो, पुन्हा मारतो. दोष एजंटचा वाटतो, दुरुस्ती मात्र स्टार्टअप प्रोब (सुरू होईपर्यंत ती तपासणी थांबवून धरणारा) लावण्याची असते. मेमरीची मर्यादाही एजंट लावण्याआधीच थोडी वाढवून घ्या.

ओपनटेलिमेट्रीत नवी विनंती डिफॉल्टनं शंभर टक्के नोंदवली जाते. डिफॉल्ट बॅच प्रोसेसर २०४८ स्पॅनपर्यंत रांग धरतो, ५१२ च्या गठ्ठ्यांत पाठवतो, आणि रांग भरली की पुढचे स्पॅन टाकून देतो. ॲप्लिकेशनला अडवत नाही. हे योग्यच आहे. पण नेमक्या गर्दीच्या वेळी ट्रेस (एका विनंतीचे जोडलेले सगळे स्पॅन) अपुरे का दिसतात, याचं उत्तर पुष्कळदा इथे असतं. एसक्यूएलमधल्या किमती जावा एजंट डिफॉल्टनं झाकतो. यूआरएलमध्ये कुणी टोकन किंवा फोन नंबर घालत असेल तर तो झाकला जाईल हे मात्र गृहीत धरू नका, स्वतः तपासा.

जेडीके वर नेण्याआधी एजंट वर न्या. जुन्या एजंटमधल्या बाइटकोड लायब्ररीला नव्या जेडीकेचं क्लास फाइल फॉरमॅट ओळखता येत नाही. जावा १७ ची आवृत्ती ६१ आणि २१ ची ६५, असे ते आकडे लॉगमधल्या तक्रारीत दिसतात.

मग घ्यायचं काय

मोजक्या, मोठ्या, पारंपरिक ॲप्लिकेशन सर्व्हरवर चालणाऱ्या सिस्टिम असतील तर स्टार्टअप फ्लॅग. कंटाळवाणा आहे, दिसतो, काढता येतो. त्याच्या चुका मोठ्यानं ओरडतात, आणि अशा ठिकाणी मला तेच हवं असतं.

कुबरनेटिसवर अनेक छोट्या सर्व्हिसेस आणि एक खमकी प्लॅटफॉर्म टीम असेल तर ऑपरेटर, आवृत्ती पक्की करून. प्लॅटफॉर्म टीम नावापुरतीच असेल तर ऑपरेटर घेऊ नका. एजंट बेस इमेजमध्ये घाला आणि व्हेरिएबलनं चालू करा. ऑपरेटर हा आणखी एक सांभाळायचा सॉफ्टवेअर असतो, आणि तो पडला की कुणाच्या अंगावर येणार हे ठरलेलं नसेल तर सगळ्यांच्याच येतो.

होस्टभर शिरणारा एजंट तिथे शोभतो जिथे ॲप्लिकेशन कुणी लिहिलं हेच आता कुणाला आठवत नाही आणि स्क्रिप्टला हात लावायची भीती वाटते. पण आधी एका कमी महत्त्वाच्या होस्टवर बसवा, आणि काढूनही बघा. गो, किंवा कशाशी काय बोलतंय याचा आधी नकाशा हवा, अशा वेळी ईबीपीएफनं सुरुवात करा आणि जिथे आत डोकावायची गरज पडेल त्या मोजक्या सर्व्हिसना खरा एजंट लावा.

जुना एजंट बदलून नवा आणायचा असेल तर एकाच प्रोसेसमध्ये दोन्ही ठेवण्याचा मोह टाळा. जावात ते कधी कधी चालतं, पण दोघंही तेच क्लास बदलतात, दोघंही ट्रेसचा हेडर (विनंतीबरोबर जाणारी ओळखखूण) लिहू पाहतात, आणि धागा मध्येच तुटतो. लोड बॅलन्सरमागे एका सर्व्हरवर नवा, बाकींवर जुना, असं ठेवून तीच रहदारी दोन्हीकडून बघा. धागा दोन्हींमधून सलग राहायला दोघांना वेबचे मानक ठरवणाऱ्या डब्ल्यू३सीचा ट्रेस कॉन्टेक्स्ट हेडर समजायला हवा. तो २०२० पासून मान्य शिफारस आहे, पण जुन्या एजंटमध्ये तो वेगळा चालू करावा लागू शकतो. नवा करार करण्याआधी हे चालवून बघायला एक सर्व्हर आणि एक रिलीज पुरते.